साहेबांच्या फ्लेक्सवर माझा फोटो

अहो, हे सांगताना अजूनही माझा आवाज चढतो. घरचे हसतात, हसू देत.

आमच्या बांधकाम ऑफिसचे मालक राजकारणातही वजनदार. दरवर्षी साहेबांच्या वाढदिवसाला चौकात मोठा फ्लेक्स लागतो आणि खाली शुभेच्छुक म्हणून आम्हा कर्मचाऱ्यांचे फोटो असतात. त्यात मला कधी वावगं वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी वाढदिवस रविवारी आला आणि ऐन आमच्या चर्चमधल्या उपासनेच्या वेळी सगळ्यांनी फ्लेक्सखाली जमून साहेबांना ओवाळायचं ठरलं. मॅनेजरनी मोबाइलवर नमुना दाखवला. वर ठळक ओळ होती, 'आमचे एकच दैवत', आणि तिच्या बरोबर खाली माझा चेहरा, तोही हसरा.

मिस्टरांचा पाय मोडल्यापासून त्यांची रिक्षा दारात उभी होती. येरवड्यातलं आमचं घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललेलं. मॅनेजर म्हणाले, फोटोच तर आहे मॅडम, तो काढायला लावलात तर साहेब तुम्हालाच काढतील. मिस्टर म्हणाले, तुझं मन सांगेल ते कर, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. प्रार्थनेला बसले तर शब्द फुटेनात. प्रभू, तू समजून घेशीलच ना, असं म्हणून पाहिलं, पण मनाला काही ते पटेना.

दुसऱ्या दिवशी नारायण पेठेतल्या ऑफिसात पोचले ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सोफ्यावर त्यांची आई बसली होती. ती माउली गावाहून डोळे तपासायला आलेली, एरवी ऑफिसची पायरी चढत नसे. उभ्या उभ्याच बोलले.

"साहेब, तुमच्यासाठी मी प्रार्थना करते आणि करत राहीन. पण माझं दैवत तुम्ही नाही. फ्लेक्सवरून माझा फोटो काढा. रविवारी मी चर्चमध्ये असेन."

आणि काय सांगू तुम्हाला! नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते, तरी आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिथेच गाऊ लागते की काय, असं वाटलं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ते तोंड उघडणार, तेवढ्यात आई शांतपणे म्हणाल्या,

"बाई खरं बोलती. आरं, बीपीची गोळी हातात दिल्याबिगर खात न्हाईस, आन् दैवत कशाचा?"

साहेबांनी मॅनेजरना बोलावून फोटो काढायला सांगितला, आणि ती ओळसुद्धा.

रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर साक्ष द्यायला उभी राहिले. पाळकसाहेबांसकट सगळे म्हणाले, देवाने नोकरी वाचवली. वाचवलीच, त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण माझी खरी साक्ष त्याच्या आधीची आहे. आई बोलण्यापूर्वी मी त्या केबिनमध्ये उभी होते, तेव्हा माझ्या लेखी नोकरी गेलेली होती, माझ्याजवळ फक्त प्रभू होता, आणि मला कशाचीही उणीव वाटत नव्हती.