भाऊजी आणि कोरी खोली

मला लिहायची सवय नाही. हे कितपत नीट जमेल, कोण जाणे. पण आता न लिहिणं अवघड झालंय.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. एका बड्या कंपनीचा प्रोसेसर आम्ही तिच्या परवान्यावर बनवायचो. नवं मॉडेल निघालं तेव्हा तिने परवाना नाकारला. आमचे साहेब म्हणाले, "तस्साच चालणारा आपण आपला बनवू. पण नक्कल करायची नाही."

त्यासाठी दोन खोल्या केल्या. एका खोलीत आम्ही पाच जण त्यांचा प्रोसेसर उघडून वाचायचो आणि तो काय करतो एवढंच कागदावर उतरवायचो. कसं करतो, ते लिहायचं नाही. आमचा प्रत्येक कागद कंपनीच्या वकीलबाई तपासायच्या, शिक्का मारायच्या आणि जिन्यापलीकडच्या खोलीत पाठवायच्या. तिथल्या लोकांनी तो प्रोसेसर आतून कधी पाहिलेला नव्हता, तसं त्यांनी लिहूनच दिलं होतं. तिला सगळे कोरी खोली म्हणायचे. नवा प्रोसेसर तिथे घडत होता, आणि भाऊजी तिथले मुख्य होते.

घरीही ते नियम सोडत नसत. मी कामाचं काही काढलं की म्हणायचे, "मेहुणे, हवापाण्यावर बोला." ताई वैतागायची. "दोन इंजिनियर जेवायला बसतात आणि उकाड्यावर बोलतात!"

भागाकारावर त्यांचं घोडं अडलं. आमचा भागाकार मूळ प्रोसेसरच्या दुप्पट वेळ खात होता. तीन आठवडे भाऊजींचं जेवणात लक्ष नव्हतं. एका रविवारी दुपारी ते भांडी विसळत होते, मी पुसत होतो. मी म्हणालो, "भाऊजी, उत्तराचा आधी अंदाज करायचा. एक छोटा तक्ता ठेवायचा, त्यातून आकडा उचलायचा आणि चुकला तर पुढच्या पायरीला दुरुस्त करायचा."

मदत करायची होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मिरवायचं होतं. यांना येत नाही ते मला ठाऊक आहे, एवढंच.

त्यांचा हात थांबला. "हे तुम्ही कुठं पाहिलंत?"

"छे हो. सुचलं आपलं."

त्यांनी उरलेली भांडी विसळली, नळ बंद केला.

सोमवारी सकाळी त्यांनी वकीलबाईंना लिहून दिलं: आतली एक युक्ती माझ्या कानावर आली आहे, मी आता कोरा राहिलो नाही, कोणाकडून आली ते कधीही कोणाला सांगणार नाही. दुपारपर्यंत त्यांचं टेबल तळमजल्यावर, तयार प्रोसेसर तपासायच्या खोलीत गेलं. वकीलबाईंनी आम्हा पाचही जणांना एकेक करून विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

भागाकार महिन्याभरात सुटला. कोऱ्या खोलीतल्या एका मुलीने भाऊजींचे त्या रविवारच्या आधीचे कागद काढले आणि त्यावरून काम पुरं केलं. त्यात तक्ता नव्हताच. रीत निराळी होती, आणि मूळ प्रोसेसरपेक्षा जलद. माझ्या शहाणपणाची कुणाला गरजच नव्हती.

बड्या कंपनीने खटला भरला. तेव्हा वकीलबाईंनी भाऊजींचा तोच कागद पुढे केला: आमच्याकडे नियम असा पाळतात. त्यानंतर मी शपथेवर सांगितलं की आमच्या खोलीतून काहीही बाहेर गेलं नाही. आम्ही जिंकलो. मला बढती मिळाली. समारंभात भाऊजी मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ते निवृत्त होईपर्यंत तळमजल्यावरच राहिले. ताईला वाटलं, त्यांना झेपलं नाही म्हणून खाली पाठवलं. चारचौघांत ती म्हणायची, "माझा भाऊ बघा कुठे पोचला, आणि आमचे हे!" भाऊजी हसायचे. मी खाली बघून चहा प्यायचो.

गेल्या आठवड्यात ताई आत होती तेव्हा मी कसंबसं म्हणालो, "भाऊजी, ते मला सुचलं नव्हतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्हाला काय सुचणार?"

आम्ही दोघंही हसलो. मग मला हसवेना.

"ताईला सांगा तुम्ही," मी म्हणालो.

"मी कसं सांगू? कोणाला सांगणार नाही असं लिहून दिलंय ना मी." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही कुठं काही लिहून दिलंय?"

ताईसमोर तोंड उघडणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून हे कागद लिहिले. वाटलं होतं, तिच्या हातात देईन आणि निघून येईन. आज फोन केला तर म्हणाली, चष्मा दुरुस्तीला टाकलाय, काय असेल ते येऊन वाचून दाखव.

रविवारी जाणार आहे.