डोंग्यातला हौद

“टोपल्याले हात लावू नका,” सत्यशीला म्हणाली. “मी आज बाजारात बसत नाई म्हनलं ना.”

“अन् ह्या मासोयाईचं काय लोनचं घालू?” उकंडाने ओले हात लुंगीला पुसले. “सोड्यानं धुतला हौद, राखीनं धुतला, चिंचेनं घासला. आता काय दुधानं धुऊ त्याले?”

“धुतल्यानं जात नाई ते.”

“कोनं सांगतलं तुले?”

“माह्या नाकानं.”

ओसरीच्या खांबाला लटकवलेल्या आरशापुढे अश्वजित भांग पाडत होता. आईला आणि टोपल्याला मोटरसायकलवरून बाभुळगावच्या बाजारात सोडायचं आणि मग आपल्या कामाला जायचं, हा त्याचा रोजचा क्रम. “माय, तुह्या नाकाले त मोगऱ्यालेबी फवारणीचा वास येते,” तो म्हणाला. कोणी हसलं नाही. त्याने कंगवा खिशात घातला.

टोपलं ओसरीच्या कडेला होतं. वरच्या ओल्या फडक्याखाली मासे होते, पण फडकं हलत नव्हतं. सत्यशीलाच्या मते सगळं भांडण तिथेच होतं. मरळ असलेल्या टोपल्यावरचं फडकं हललं पाहिजे.

उकंडा जन्मला तेव्हा त्याच्या आधीची दोन भावंडं गेलेली होती. हे तरी जगावं म्हणून त्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं. उकिरड्याला इकडे उकंडाच म्हणतात, तेच नाव पडलं. तो जगला, पण सगळी उमर दुसऱ्याच्या वस्तू वागवत जगला. मारोतरावांकडे तो वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार होता. बैल मारोतरावांचे, वखर मारोतरावांचा, पाठीवरचा फवारणीचा पंपही मारोतरावांचा. गुडघे दुखायला लागले तसं साल सुटलं, आणि तो धरणावर थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळं टाकायला शिकला. थर्माकोलवर बसलेला माणूस कमरेपर्यंत ओलाच असतो. हिवाळ्यात तो घरी यायचा तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडलेले असत.

मग कुठल्याशा बागेतलं बोटिंगचं तळं बंद पडलं आणि तिथले छोटे प्लास्टिकचे डोंगे भंगारात निघाले. उकंडाने त्यातला एक पिवळा आणला. त्याच्या अंगावर ‘लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नये’ ही अक्षरं अजून वाचता येत होती. हे माझं आहे, असं म्हणता येईल अशी पहिली वस्तू त्याच्या हाताला पन्नाशी उलटल्यावर लागली. पहिले काही दिवस तो डोंग्याला नुसता हात लावून बसायचा. मग त्याने करवत घेतली.

तो डोंगा हौसेने फिरणाऱ्या पोरांसाठी केलेला होता, जाळं ओढणाऱ्या माणसासाठी नव्हे. उभं राहिलं की कलंडायचा. उकंडाने आतल्या बैठकी कापून काढल्या आणि खाली थर्माकोल कोंबलं. जाळं फाटू नये म्हणून काठाला सायकलची ट्यूब चढवली, वल्ह्याला पाइपाचे तुकडे बसवले. प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला त्याने सत्यशीलाचं उलथणं चुलीत लाल करून वापरलं. उलथणं गेलं ते गेलंच. तिने बोंब मारली, नवं आणलं, तर तेही नेलं. शेवटी ती पोळ्या हातानेच उलटायला लागली.

जोडकाम करताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. घमेल्याचं प्लास्टिक त्या डोंग्याला धरत नव्हतं, बादलीचं धरून दोन दिवसांत सुटायचं. शेतकरी बांधावर फेकून देतात त्या फवारणीच्या औषधाच्या मोठ्या कॅनचं मात्र असं चिकटायचं की जोड कुठे आहे ते बोटाला कळायचं नाही. तेव्हा त्याने एक अख्खी कॅन आडवी कापून डोंग्याच्या पुढच्या टोकाला बसवली आणि तिच्यात पाणी भरलं. जाळ्यातला मासा निघाला की त्या हौदात टाकायचा. काठाला येईपर्यंत जिवंत. बाजारात जिवंत माशाभोवती गर्दी होते, हे सत्यशीलानेच त्याला सांगितलं होतं. हौद पाहून ती हरखली होती. “पाहा ना, हालून राह्यला,” असं ओरडून तिने कितीतरी मासे विकले. हे ती आज विसरली नव्हती.

देवसिंगने तो हौद पाहिला आणि आपला निळा डोंगा ओढत उकंडाच्या दारी आणला. “मिस्त्री, मलेबी असाच करून द्या.” मिस्त्री! त्या रात्री उकंडाने ते दोनदा बायकोला सांगितलं. मग धरणावरचे सगळेच आले. अंगणात डोंगे पालथे पडायचे, उलथणं तापायचं, बिड्या ओढत माणसं बसायची. ज्या माणसाला आयुष्यभर कोणी काही विचारलं नव्हतं, त्याला आता लोक विचारू लागले, की मिस्त्री, वजन पुढे ठेवू का मागे?

उन्हं तापायला लागली तेव्हा सत्यशीलाला पहिल्यांदा खटकलं. मरळ ही चिवट जात. ओल्या गोणपाटात गुंडाळली तर दिवस मावळेपर्यंत शेपूट आपटते. तीच मरळ हौदाच्या पाण्यातून निघून मलूल यायची. एक दिवस तिने नवऱ्याला सांगून दोन मरळी हौदात आणि दोन गोणपाटात आणायला लावल्या. गोणपाटातल्या वळवळत आल्या. हौदातल्या आडव्या झालेल्या. “उन्हानं होते,” उकंडा म्हणाला. ऊन तर चौघींनाही सारखंच होतं.

त्यातलीच एक विमलताईंनी नेली होती. विमलताई म्हणजे मारोतरावांच्या कारभारीण. त्यांची निशिगंधा बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि बाळंतिणीला मरळीचा रस्सा अंगी लागतो म्हणून त्या दर आठवड्याला सत्यशीलाकडेच यायच्या. पूर्वी त्या पैसे वरून सोडायच्या, हात लागू नये म्हणून. सत्यशीला झेलायची. किती वर्षं गेली कोण जाणे, पण एके दिवशी त्यांनी नोट तिच्या तळहातावर ठेवली आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, “चांगली पाहून दे.” सत्यशीलाने हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? पण त्या दिवसापासून विमलताईंची मरळ ती आधी बाजूला काढून ठेवायची.

परवा विमलताई आल्या त्या रिकाम्या पिशवीने. आवाज खाली आणून म्हणाल्या, “रस्सा सांडून द्या लागला, सत्यशीला. पातेल्यातून फवारणीचा वास येऊन राह्यला होता. पोरीनं दोन घास खाल्ले होते, मंग मीच ताट ओढलं.”

“उन्हाचं असन, ताई,” सत्यशीलाच्या तोंडून निघून गेलं. नवऱ्याचंच वाक्य.

“असन बा,” विमलताई म्हणाल्या आणि समोरच्या कोंबडीच्या दुकानात गेल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर सत्यशीला डोंग्यापाशी गेली. हौद उन्हात रिकामा पडला होता. तिने आत तोंड घातलं, आणि तिला धम्मरत्नचा शर्ट आठवला.

धम्मरत्न तिचा पाठचा भाऊ. रोजाने दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारा मारायला जायचा. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा परत अंगावर यायचा. एका संध्याकाळी तो डोळे चोळत आला, ओकला, आणि दवाखान्यातून परत आला तो झाकलेला. त्याचा शर्ट सत्यशीलाने ठेवून घेतला. साबण लावला, राख लावली, उकळत्या पाण्यात बुडवला. ओला असला की वास येत नसे. कुंपणावर वाळत टाकला की दुपारी घरभर वास. पाण्याने तो वास जात नाही, नुसता झोपतो. ऊन लागलं की उठतो. शेवटी आईने तो शर्ट नेऊन कुठेतरी पुरला. कुठे ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

म्हणून आज सकाळी उकंडाने हौद धुतल्याची सगळी कहाणी सांगितली तरी सत्यशीला टोपल्यापाशीच उभी होती.

“बाकीच्याईचे मासे जातेत ना बाजारात?” उकंडा म्हणाला. “त्याइच्या बायका बसतेत ना? तुलेच कायचा वास आला?”

“बरं,” सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला. “नाई विकत. घरीच शिजवतो. मरळ आहे, बाळंतिणीले चांगली. दीपा!”

सून दारात आली. खांद्यावर दीड महिन्याचं पोर होतं. “काय जी, आत्या?”

“विळी घे. ह्यातली मोठी पाहून चीर अन् तुह्यासाठी रस्सा कर. मामंजी म्हनतात, हौद चोख आहे.”

“मले कर रस्सा,” उकंडा झटकन म्हणाला. “मी खातो. पुरी पातेली खातो.”

“तुमच्या अंगावर कोनी पेत नाई,” सत्यशीला म्हणाली. “दीपाच खाईन.”

दीपाने पोर अश्वजितच्या हातात दिलं. विळी आणून बसली, बोटांना राख लावली आणि फडकं बाजूला करून मरळ उचलली. तिने कोणाकडेच पाहिलं नाही. अश्वजितने पोराला छातीशी धरलं आणि बापाकडे पाहिलं. मघाचं हसू त्याच्या चेहऱ्यावरून कधीच गेलं होतं. दीपाने माशाचं डोकं विळीच्या पात्याला लावलं.

“ठेव,” उकंडा म्हणाला.

तिचा हात थांबला.

“ठेव म्हनलं ना ते खाली. हात धू. साबनानं धू.”

त्याने खुंटीवरची करवत काढली, चपला घातल्या आणि सायकल घेऊन धरणाकडे निघून गेला.

अश्वजितने परसात कुत्र्याला उकरता येणार नाही असा खोल खड्डा खणला. सत्यशीलाने मासे त्यात टाकले. माती लोटताना दीपा शेजारी येऊन उभी राहिली.

“आत्या, त्याइनं थांबवलं नसतं त?”

“त मी थांबवलं असतं.”

“मले वाटलंच होतं.”

“वाटलं होतं त विळी कायले घेतली?”

“कोनी थांबवते का नाई,” दीपा म्हणाली, “मलेबी पाह्यचं होतं.”

सत्यशीला माती पायाने दाबायला लागली.

दिवे लागल्यावर उकंडा परतला. सायकलच्या कॅरिअरला कापून काढलेला हौद बांधला होता. त्याने तो भिंतीशी टाकला, हात-पाय धुतले आणि जेवायला बसला. सत्यशीलाने भाकर आणि झुणका वाढला. सकाळपासून तिला वाटत होतं की तो हौद निघाला की छातीवरचं ओझं उतरेल. हौद समोर पडला होता, आणि ओझं होतं तिथेच होतं.

“देवसिंगनं पाह्यलं का?” तिने विचारलं.

“पाह्यलं. म्हने, मिस्त्री, तुमचाच हौद गयला का, पानी झिरपते का? मी म्हनलं, हो, जोड सुटला.”

“अन् त्याचा?”

उकंडाने घास चावून गिळला. “त्याचा गयत नाई.”

चुलीपाशी दीपा हलायची थांबली. अश्वजितने मान खाली घातली.

“काय सांगू मी त्याइले?” उकंडा एकाएकी म्हणाला. तो कोणावर ओरडत नव्हता. “हयात गेली, मारोतरावानं उकंड्या म्हनूनच हाक मारली. आता लोकं मिस्त्री म्हनतात. चाहा पाजतात. उद्या जाऊन सांगू, का बापहो, मी तुमच्या डोंग्यात जहर बसवून देल्लं? अन् तुमी तेच गावाले चारून राह्यले?”

सत्यशीलाने त्याच्या ताटात आणखी भाकर वाढली. त्याचं खोटं नव्हतं. अंगणात पालथे पडलेले डोंगे, बिड्यांचा धूर, त्यातून येणारी ‘मिस्त्री’ अशी हाक हे तिलाही आवडलं होतं. पाहुण्यांना चहा देताना तीही मुद्दाम म्हणायची, मिस्त्री बाहेर बसलेत. एकदा ते नाव गेलं की या घराच्या दारात पुन्हा कोणी डोंगा ओढत आणणार नाही. कदाचित शिव्या देत येतील. आणि न सांगावं तर त्या सगळ्या हौदांतले मासे उद्या त्याच बाजारात त्याच ओळीत येतील. कुठल्यातरी निशिगंधेची आई पिशवी उघडून धरेल आणि म्हणेल, चांगली पाहून दे.

ती उठली. टोपलं मोरीत नेऊन घासलं, पाणी निथळू दिलं आणि आत आणून खुंटीला पालथं अडकवलं. सगळे तिच्याकडे बघत होते. टोपलं रोज दाराशी असायचं, सकाळी उचलायला सोपं म्हणून.

“उद्या बाजार नाई,” ती म्हणाली. “उद्या मी तुमच्यासंगं धरनावर येतो. अश्वजित, गाडीवर जुनी गोनपाटं घे, मासे ठेवाले लागतीन त्याइले. तुमी करवत घ्या. सांगाचं ते मी सांगीन, तुमी फक्त कापा. देवसिंगच्या डोंग्यापासून सुरू करू. सगळ्याईचे हौद निघाल्याबिगर हे टोपलं खाली उतरत नाई.”