सासवांनी भरलेला वॉर्ड

आमच्या हॉस्पिटलात केसपेपर बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर जाणार, ही बातमी आली तेव्हा आनंद झाला तो फक्त रेकॉर्ड रूमच्या मामांना. त्यांचा दमा त्या धुळीत वाढला होता. बाकी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. परळचं आमचं हॉस्पिटल जुनं, ट्रस्टचं. इथल्या सिस्टर्स अंधारातसुद्धा शीर शोधून सलाईन लावतील, पण कीबोर्डवर 'क' शोधायला सांगा, त्यांना चहाची आठवण होते.

मी स्त्रियांच्या वॉर्डातली साधी स्टाफ नर्स. पहिल्याच मीटिंगमध्ये मी एक प्रश्न विचारला. तेवढ्यावर मेट्रननी ठरवलं की मला यातलं कळतं, आणि सगळ्या सिस्टर्सना शिकवायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून मी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. तुम्हीही उघडू नका.

पहिले काही वर्ग कंपनीच्या साहेबांनी घेतले. त्यांनी सरावासाठी खोटे पेशंट तयार केले होते: टेस्ट पेशंट एक, टेस्ट पेशंट दोन, असे. वर्ग जेवणानंतर, एसीच्या खोलीत, आणि समोर रात्रपाळी करून आलेल्या बायका. साहेब 'नेक्स्ट' म्हणायचे आणि मागच्या रांगेतून घोरणं ऐकू यायचं. एका सिस्टरने टेस्ट पेशंट दोनला पुरुष म्हणून नोंदवलं आणि बाळंतिणींच्या वॉर्डात खाट दिली. कोणाला काही वाटलं नाही. टेस्ट नावाच्या माणसाचं मेलं कोणाला काय पडलंय?

मग माझा वर्ग आला. मी थोडा वेळ साहेबांसारखंच शिकवून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "टेस्टबिस्ट सोडा. आता प्रत्येकीने आपापल्या सासूला ॲडमिट करायचं."

घोरणं थांबलं. चष्मे डोळ्यांवर आले. सासूचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, कशाने पित्त होतं, कोणत्या गुडघ्यात कळ येते, सगळं प्रत्येकीला तोंडपाठ होतं. एकीने 'मुख्य तक्रार' या रकान्यात लिहिलं: सतत तक्रार. दुसरीने आहारात मीठ, साखर, तेल बंद केलं आणि हात जोडून खुर्चीला टेकली. दादरच्या एका सिस्टरने भेटायला येणाऱ्यांत 'नणंद सोडून कोणीही' असं नोंदवलं. एनिमा कुठे लिहायचा हे तर मला शिकवावंच लागलं नाही. एक नवी, बिनलग्नाची सिस्टर हळूच म्हणाली, "मला सासू नाही हो. मी मेट्रन मॅडमना ॲडमिट करू?" मी म्हटलं, "नोकरी करायचीय ना अजून?"

आठवडाभरात सगळ्या तयार झाल्या. ॲडमिट करणं, खाट बदलणं, औषधं, पथ्य, रक्ततपासणी, हातोहात. साहेब थक्क झाले. "मॅडम, आपका मेथड क्या है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घरेलू."

मोठ्या पडद्यावर उदाहरण म्हणून मी माझ्याच सासूला घेतलं होतं. पण तिला मी खोटा आजार दिला नाही. तिचा खरा होता तोच पुरेसा होता.

माझी सासू लालबागची. गिरण्या होत्या तेव्हा तिची खानावळ होती, आणि जेवायला येणारे लोक तिच्या आवाजाला टरकून असायचे. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि तिचं एकच पालुपद, "माका सगळा दिसता." बांगडा ती हाताच्या अंदाजाने साफ करायची, तो उत्तम व्हायचा, पण कालवणात मिठाच्या जागी साखर पडायची आणि आम्ही मुकाट खायचो. एकदा जिन्यात शेजाऱ्याचा दंड धरून, आपला मुलगाच आहे असं समजून, तिने त्याला उशिरा घरी येण्यावरून झाडलं. तो बिचारा सगळं ऐकून 'उद्यापासून लवकर येईन' म्हणून गेला.

इथवर हसण्यासारखं होतं. मग एका संध्याकाळी तिचा पदर गॅसवर गेला. मी शेजारीच होते म्हणून निभावलं. मी तिच्यावर ओरडले, ती माझ्यावर ओरडली, आणि दोघी जेवलो नाही. मला राग नव्हता आला, मी घाबरले होते. घाबरले की मी ओरडतेच, त्याला इलाज नाही.

ऑपरेशनला ती का नाही म्हणायची, ते तिने त्यानंतर सांगितलं. सासरे आजारी असताना भेटीची वेळ संपली म्हणून वॉर्डातून तिला बाहेर काढलं होतं. सकाळी डबा घेऊन गेली तर खाट रिकामी. हॉस्पिटलात आपलं माणूस एकटं सोडायचं नसतं, हे तिने तेव्हापासून मनाशी धरलं होतं. त्यामुळे तिची अट एकच होती. "तू थंय असतलंस मा? पट्टी सुटापर्यंत?"

मी म्हटलं, "असणार." मग तारखेचं सुरू झालं. भिंतीवरचं कॅलेंडर तिला दिसत नव्हतं, म्हणून मी वाचायचं आणि तिने नाकारायचं. सोमवार शंकराचा, मंगळवारी संकष्टी, बुधवारी मासळी येते, शनिवारी तर लोखंडसुद्धा आणू नये मग डोळ्याला लावतात का? अमावस्या, एकादशी, पुतण्याचा साखरपुडा. महिनाभरातून एक गुरुवार तिच्या चाळणीतून उतरला. डॉक्टरांनीही तो दिला. तिला मधुमेह असल्यामुळे एक रात्र ठेवून घ्यायचं ठरलं. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस लागली की नवी सिस्टीम त्याच गुरुवारपासून सुरू होणार.

तारीख बदला असं सासूला सांगण्यापेक्षा मेट्रनला सांगणं सोपं होतं. मी रजा मागितली. "त्या दिवशी तुला रजा? वेड लागलंय का?" मेट्रन म्हणाल्या. मग मी दोन्ही डगरींवर पाय ठेवायचं ठरवलं. हॉस्पिटल एक, इमारत एक. मध्ये मध्ये सटकून सासूजवळ बसू.

खरं तर आधीच सावध व्हायला हवं होतं. वेगळी सरावाची सिस्टीम घेणं ट्रस्टला परवडत नव्हतं, म्हणून आमचा सगळा सराव खऱ्या सिस्टीमवरच चालला होता. स्वयंपाकघर तिला बाकीच्यांच्या आधी जोडलं गेलं. जोडलं त्याच दुपारी जेवणाची ट्रॉली वॉर्डात आली ती सासवांची ताटं घेऊन. प्रत्येक ताटावर चिठ्ठी, चिठ्ठीवर सासूचं नाव, ताटात बिनमिठाची, बिनतेलाची खिचडी. ट्रॉली ढकलणाऱ्या मावशी काही ऐकेनात. "नाव आलंय म्हंजे पेशंट हाय. परत नेणार नाय." मग ती ताटं ज्यांनी पथ्य लिहिलं होतं त्यांनीच खाल्ली. सासूचा शाप म्हणतात तो असा लागतो.

साहेबांनी मला शब्द दिला, "मॅडम, बुधवार रात को सब साफ कर दूँगा."

आणि केलंही त्यांनी साफ. ज्या ज्या नावात 'टेस्ट' होतं ते सगळे पेशंट त्यांनी पुसले. सासवांच्या नावात कुठे टेस्ट होतं?

गुरुवारी सकाळी मी सासूला टॅक्सीने घेऊन आले. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत देवाचा अंगारा. ॲडमिशनच्या काउंटरवर गर्दी उसळली होती. आतली मुलगी रडकुंडीला येऊन सांगत होती, "फीमेल वॉर्ड फुल्ल आहे. एकही खाट नाही." पोट धरून बसलेली एक बाई स्ट्रेचरवर ताटकळत होती आणि तिचा नवरा हातवारे करत होता. मी नुकतंच वॉर्डातून फोनवर ऐकलं होतं की निम्म्या खाटा रिकाम्या आहेत. मी काउंटरच्या आत शिरून कॉम्प्युटरचा पडदा पाहिला. खाटेखाटेवर सासवा.

काउंटरवरच्या मुलीने माझ्या सासूचं नाव टाकलं आणि म्हणाली, "या तर ॲडमिटच आहेत. यांचा नाश्तासुद्धा गेलाय वर."

सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं, कान मात्र शाबूत होते. "मी आधीच हंय आसंय तर माका परत कित्याक आणलंस?" असं म्हणून तिने पिशवी उचलली.

तेवढ्यात मेट्रन आल्या. त्या आल्या म्हणजे आवाज आधी येतो. "हा गोंधळ तुझा आहे! आत्ताच्या आत्ता वॉर्डात जा आणि एकेकीला काढ. तोवर जागचं हलायचं नाही!"

"चल गो, घराक जावया," सासू म्हणाली. "तू नसतलंस तर मी कित्याक रवू? देवाचीच इच्छा नाय."

आणि ती निघाली. दरवाजा समजून औषधाच्या कपाटाकडे निघाली. मी तिला धरलं आणि सगळ्या काउंटरसमोर ओरडले, "आई, बसा खाली! तुमचा पदर पेटला त्या दिवसापासून मी कामावर आले की घरी चार फोन करते. चहा झाला का विचारायला नाही. तुम्ही जिवंत आहात का बघायला!"

सासू बाकावर टेकली, पण पिशवी काही खाली ठेवली नाही.

मी मेट्रनकडे वळले. "वॉर्डात कशाला जायला हवं? चाकांच्या ट्रॉलीवरचा कॉम्प्युटर द्या. थिएटरबाहेर हिच्याजवळ बसून सगळ्यांना काढते."

"डिस्चार्जला डॉक्टरांची समरी लागते. नसलेल्या बाईची समरी कोण देणार?"

"सल्ल्याविरुद्ध घरी गेल्या असं लिहिते. त्याला समरी लागत नाही. नातेवाइकाची संमती लागते. सुना सगळ्या ड्युटीवरच आहेत."

मेट्रन माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावल्या, आणि त्यांचा चेहरा बदलला. शेवटच्या खाटेवर त्या स्वतः होत्या. त्या बिनलग्नाच्या पोरीने माझं ऐकलं नव्हतं.

"मला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"बीपी, मॅडम."

"ते आत्ता झालंय," असं म्हणून त्या तरातरा निघून गेल्या. पाच मिनिटांत ट्रॉली आली.

सर्वांत आधी एक खाट मोकळी करून पोट दुखणाऱ्या बाईला वर पाठवलं. मग आम्ही डोळ्यांच्या थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो. तिथली सिस्टर येऊन सासूच्या डोळ्यात थेंब घालून जायची आणि ती त्या थेंबांना शिव्या घालायची. मी ट्रॉली पुढे ओढून एकेक सासू घरी पाठवायला घेतली. ती थोडा वेळ तोंड फिरवून बसली. मग तिच्याने राहवेना.

"ही कोणाची?"

"दादरच्या सिस्टरची."

"हिका काय झाला?"

"काही नाही. पण तिन्ही पाळ्यांना एनिमा."

"अरे देवा! धाड, धाड, घराक धाड."

बिनमिठाच्या खिचडीवाल्या सासूचं ऐकून ती भडकली. "उपाशी ठेवल्यान म्हातारीक? कोण ती सून? तिका माझ्यासमोर उभी कर." सतत तक्रारवालीच्या सुनेला मात्र ती ओळखत होती, आमच्या घरी गणपतीला येते ती. "ती पोर किती सुकली हा. तिच्या सासूक रवांदे अजून दोन दिवस." मी म्हटलं, "आई, खाट लागते." तेव्हा कुठे नाइलाजाने त्या बाईला सोडलं. मेट्रनला घरी पाठवताना तिने, पथ्य पाळायला सांग, असा निरोप दिला. थेंब घालणारी सिस्टर भिंतीला टेकून हसत होती.

सगळ्या गेल्या. एकच उरली. माझा हात थांबला. हिलाही घरी पाठवलं की हिशोब जुळणार होता, आणि ती पिशवी अजून तिच्या मांडीवरच होती.

"ही कोणाची?" तिने विचारलं.

"माझी."

ती मग म्हणाली, "हिका काय झाला?"

"डोळे गेलेत. आणि गेले नाहीत म्हणून भांडते."

"आणि सून?"

"सून घाबरलीय."

थेंबांचं पाणी तिच्या गालावर आलं होतं ते तिने पदराने पुसलं. थेंबांचंच असेल. पिशवी चाचपली, माझी मांडी कुठे आहे ते हाताने शोधलं, आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"हिका घराक धाडू नको," ती म्हणाली. "हिचा आप्रेशन अजून व्हायचा आसा."

थिएटरचं दार उघडलं आणि आतून तिचं नाव पुकारलं. नातेवाइकांना आत सोडत नाहीत, स्टाफला सोडतात. जिन्याकडून मेट्रन मला हाका मारत येत होत्या, कुठलातरी दुसरा वॉर्ड अडला होता. मी चपला काढल्या, थिएटरची टोपी डोक्यावर ओढली आणि सासूचा हात धरून आत गेले.