रंग न जुळलेले दात

मावशी कवळ्या करायची. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथं खिडकीशी बसून ती दिवसभर नकली दात घासायची. संध्याकाळी घरी आली की गच्चीवर बसून दगड घासायची. माझी ती सख्खी कुणी नव्हे, वरच्या मजल्यावरची शेजारीण.

"आमच्याकडे दात आणि दगड," तिचे यजमान, काका, पाहुण्यांना सांगायचे. "जेवताना जपून चावा."

"तुमचे तरी स्वतःचे कुठे आहेत," मावशी आतून म्हणायची.

गावाबाहेरच्या टेकडीवर काळ्या दगडाची एक भिंत जमिनीतून वर आली होती. हजारो वर्षांपूर्वी माणसं कुऱ्हाडींसाठी तिथून दगड काढायची. भिंतीच्या पायथ्याशी त्यांनी उडवलेल्या कपच्यांचा खच होता. मावशी मला घेऊन जायची. मला दगडातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती दगडावर दगड आपटून ऐकायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत तडा आहे. मग तिथंच बसून कुऱ्हाडीचा ढोबळ आकार काढायचा. नको ते वजन खांद्यावर कोण वाहील? घरी आणल्यावर वाळू आणि पाणी घालून धार घासायची, मनगट भरून येईपर्यंत.

"हात दुखले नाहीत तर त्या माणसांबद्दल बोलू नये," ती म्हणायची.

गच्चीवर ज्या कपच्या उडत, त्या ती गोळा करून मागच्या खड्ड्यात पुरायची. प्रत्येक ढिगात एक नकली दात टाकायची. रंग न जुळलेले दात तिच्याकडे डबाभर होते. पुढे कुणी उकरलं, तर आपल्या कपच्या जुन्या समजून फसायला नको.

मग टेकडी खडीसाठी द्यायचं ठरलं. मावशी पेटली. अर्ज, खेटे, भांडणं. कार्यालयातल्या एका टेबलावर तिनं स्वतः घासलेली कुऱ्हाड अशी ठेवली की कारकून उठून उभा राहिला. शेवटी पाहणीला पुरातत्त्व खात्यातले एक साहेब आले. जागा जुनी ठरली तर टेकडी वाचणार होती.

साहेबांनी खाली वाकून एक कपची उचलली. काळीभोर, कड चकचकीत.

"ही किती जुनी?"

मावशीनं ती उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "ही माझी आहे."

त्यांनी दुसरी उचलली. "ही?"

"तीही."

"बाई, हा कारखाना त्यांचा की तुमचा?"

खडीवाल्याचा माणूस फिसकन हसला. मावशीनं मूठभर कपच्या साहेबांपुढे धरल्या. "या बघा. जुन्यांवर तपकिरी पापुद्रा चढलाय. माझ्यांवर नाही. लहान पोर सांगेल."

"अहवाल लहान पोर लिहीत नाही. जुनं-नवं संमिश्र लिहावं लागेल." गाडीत बसता बसता ते म्हणाले, "तुमचं तुम्ही निवडून काढा, मग बघू."

मला राहवलं नाही. "इथं दात का नाही टाकलेस?"

"त्यांच्या जागेवर प्लॅस्टिक टाकू?" ती माझ्यावर ओरडली. मग स्वतःवर ओरडली. काय काय म्हणाली ते लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती निवडायला बसली. दवाखान्यात रजा टाकली. मीही जायचे. तपकिरी तिथंच ठेवायची, काळी पोत्यात भरायची. बोटं कापली, काकांनी पट्ट्या आणून दिल्या. या वेळी त्यांनी विनोद केला नाही. तिची पोती टेकडीखाली एका कोपऱ्यात मावली. जुन्या माणसांचा खच होता तेवढाच दिसत होता. तिनं साहेबांना फोन केला.

"अहवाल गेला की," साहेब म्हणाले. "तुम्ही मनावर घेतलंत होय?"

सुरुंग सकाळी लागला. आम्हाला कुंपणाबाहेर काढलं होतं. धूळ बसली तेव्हा भिंत नव्हती. मला वाटलं, आता ती किंचाळेल. ती पोत्याला टेकून उभी होती, जबडा घट्ट आवळून. मला अजून तो जबडा दिसतो.

पावसाळ्यानंतर आमच्या गल्लीचा रस्ता करायला घेतला. ट्रकमधून काळी खडी ओतली. मावशी जिन्यावरून डबा घेऊन उतरली. खडीत वाकून तिनं एक तुकडा उचलला. एका बाजूला पापुद्रा, दुसरी बाजू ताजी फुटलेली. तो तिनं पदरात ठेवला. मग डबा उघडला आणि रस्ताभर दात फेकत निघाली.

"अहो बाई, काय टाकताय?" मुकादम म्हणाला.

"खूण," मावशी म्हणाली. "पुढे कुणी खणलं तर कळायला हवं, हे आपण केलंय. त्यांनी नाही."

"डांबर ओतायचंय, बाजूला व्हा."

"ओत की."

डबा रिकामा झाला. तिनं तो उलटा करून आपटला, आणि दवाखान्याची वेळ झाली म्हणून चालू लागली.