तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

आमच्या गल्लीतले चष्मेवाले काका घरात फारसी बोलणारे. दुकानात कुणी शिरलं की म्हणायचे, "या, आपलं पाऊल माझ्या डोळ्यांवर." हे त्यांच्या भाषेतलं साधं 'या, बसा'. पण चष्म्याच्या दुकानात हे ऐकून नवखं गिऱ्हाईक आधी स्वतःच्या बुटांकडे बघायचं.

त्यांच्याकडचा आणखी एक रिवाज म्हणजे कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. लगेच हो म्हणतो तो हावरट. म्हणून चहाचा कप आम्ही त्यांच्यापुढे तीनदा सरकवत असू. तोवर चहाचं सरबत व्हायचं, पण रिवाज शाबूत राहायचा.

शेजारच्या दुकानात कपडे शिवणाऱ्या बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि बोलणं असं तोडून की गल्लीनं नाव ठेवलं कात्रीबाई. त्यांनी काकांच्या कोटाला अस्तर लावून दिलं तेव्हा काका म्हणाले, "आपले हात दुखू नयेत." म्हणजे आभार. बाई म्हणाल्या, दुखतात ना, खांदासुद्धा दुखतो. काकांनी लगोलग मलम नेऊन दिलं. तेव्हापासून त्या कोटाची बटणं भराभर तुटू लागली.

शेवटी बाईंनीच एक घाव दोन तुकडे केले. बटण लावता लावता विचारलं, लग्न करता का माझ्याशी? काकांच्या काळजानं टुणकन उडी मारली, पण जिभेनं वळण सोडलं नाही. "छे छे, माझी कुठली पात्रता?" बाईंनी पुन्हा विचारलं. काका म्हणाले, आपल्याला उगाच त्रास. आणि मान झुकवून तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिले. बाईंनी दातानं दोरा तोडला आणि कोट हातात दिला.

पुढं काकांचं कामात लक्ष लागेना. मला त्यांनी भलत्याच कुणाचा चष्मा दिला, तेव्हा खोदून विचारलं आणि सगळं बाहेर आलं. म्हटलं, काका, ती कात्री आहे, कापलेलं पुन्हा जोडत नसते. काका हवालदिल झाले. न विचारता हो कसं म्हणायचं?

पण उठले. 'येऊ का' न म्हणता, जन्मात पहिल्यांदा, थेट बाईंच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "हो."

मान वर न करता बाई म्हणाल्या, "मी कुठं काय विचारलंय?"

"आपलं तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय. मी उत्तर आधीच घेऊन आलो."

बाईंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. फार गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "छे छे, माझी कुठली पात्रता?"

काकांनी स्टूल ओढलं आणि पुन्हा विचारायला ऐसपैस बसले.