तपासणीसाठी जपलेला फुटबॉल

हजेरी घेताना सोळाच्या पुढे माझी जीभ अजूनही अडखळते. सतरा म्हणायचं आणि मान वर न करता उत्तराची वाट बघायची, असं मी एका वर्षी सलग चार महिने केलं. उत्तर येणार नाही हे मला ठाऊक होतं आणि वर्गालाही ठाऊक होतं. आता सतरा नंबरवर दुसरी मुलगी आहे. ती खणखणीत आवाजात "हजर मॅडम" म्हणते, आणि तेवढ्यानंही माझ्या अंगावर काटा येतो. भूतबित मी मानत नाही. मानत असते तर बरं झालं असतं, लिंबू ओवाळून मोकळी झाले असते.

आमची शाळा पहिली ते चौथीची. नागपुरात मनीषनगरच्याही पुढे, जिथे बघता बघता मोकळ्या प्लॉटवर सहा मजले उभे राहतात, तिथे. मुलं बहुतेक बांधकामावरच्या मजुरांची, नाहीतर त्याच इमारतींमध्ये मग धुणीभांडी करणाऱ्या बायांची. खेळाचे शिक्षक प्राथमिक शाळेला नसतातच. त्यामुळे खेळाचा चार्ज आपापसात वाटून द्यावा लागतो, आणि तो माझ्या वाट्याला आला. मी आयुष्यात खेळले म्हणजे पत्ते. पण चार्ज म्हणजे खेळणं नसतंच. चार्ज म्हणजे किल्ली.

खेळाचं अनुदान येतं मार्चमध्ये, म्हणजे मुलं परीक्षेला बसायच्या बेतात असतात तेव्हा, आणि ते महिनाअखेरपर्यंत खर्च झालंच पाहिजे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मग मी प्रताप नगरातल्या घरून स्कूटी काढून सीताबर्डीला जाते. तिथल्या दुकानदाराला सगळं पाठ आहे. तीन दुकानांची दरपत्रकं लागतात, ती तिन्ही तोच देतो, वर चहाही पाजतो. फुटबॉल, रिंगा, उड्यांच्या दोऱ्या, प्लॅस्टिकची बॅट असा संच तो बांधूनच ठेवतो. सामान शाळेत आलं की प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटनं शाळेचं नाव आणि नंबर टाकायचा. दोरीच्या मुठीवरसुद्धा. मग रजिस्टरला नोंद करायची, वाळलेलं सामान मुलांच्या हातात देऊन मैदानात फोटो काढायचा, तो खर्चाच्या कागदांना जोडायचा आणि सामान ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावायचं.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की आम्ही पैसेखाऊ. एक रुपयाही कुणी खाल्लेला नाही. उलट आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, इतक्या सरळ की शाळेचा खडूही घरी नेणार नाहीत. पण त्यांच्या आधीच्या शाळेतून व्हॉलीबॉलची जाळी चोरीला गेली होती आणि तिची वसुली त्यांच्या पगारातून झाली होती. दुधानं तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिणारच. सामान बाहेर काढायचं म्हटलं की त्या मला म्हणायच्या, "रंग उडला तं तपासणीत काय दाखवशीन वं?" मलाही ते बरंच वाटायचं, हे कबूल करते. खेळाच्या तासाला मी भागाकार घेत असे आणि वर मुलांना सांगत असे की हे तुमच्याच भल्याचं आहे.

ती मुलगी तेव्हा तिसरीत होती. यवतमाळकडचं कुटुंब, आई-बाप शाळेमागच्या इमारतीवर कामाला. फोटोसाठी मी तिला पुढे घेतलं कारण तिचा गणवेश त्या दिवशी सगळ्यांत स्वच्छ होता. फुटबॉल तिच्या हातात दिला. बाकीची मुलं मोबाइलकडे बघत हसली. ही चेंडूकडे बघत राहिली, दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मी दोनदा सांगितलं, वर बघ. मग कंटाळून तसाच फोटो काढला. सामान गोळा करताना तिनं चेंडू सोडला नाही. हट्ट नव्हता तो, तिला बहुधा कळलंच नाही की परत द्यायचा आहे. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती बोटं सिमेंटनं खरखरीत झाली होती, आठ वर्षांच्या पोरीची बोटं.

जूनमध्ये पटसंख्येसाठी मोठ्या मॅडमनी फाटकावर फ्लेक्स लावला. मोफत पुस्तकं, पोषण आहार, क्रीडा साहित्य. आणि मधोमध तोच फोटो, ती आणि चेंडू, माणसाएवढा मोठा करून. तो पाहायला ती आईला घेऊन आली. आई डोक्यावरचं घमेलं खाली ठेवून बराच वेळ पोरीकडे आणि फ्लेक्सकडे आळीपाळीनं बघत होती. मग मला म्हणाली, "तुमच्या शाळेत लय खेळवतात वाट्टे, मॅडम." मी हो म्हणाले. मुलगी माझ्याकडे बघत होती, पण तिनं आईला काही सांगितलं नाही. मला त्या वेळी हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते.

त्यानंतर ती मागायला लागली. दर शनिवारी सकाळच्या शाळेत कवायत झाली की माझ्यामागे ऑफिसच्या दारापर्यंत यायची. तिला संघ नको होता, मैदान नको होतं. तिला फक्त एकदा टप्पा मारायचा होता. तो चेंडू किती वर जातो ते तिला बघायचं होतं. मी कधी तपासणीचं कारण दिलं, कधी पावसाचं, कधी किल्ली घरी राहिल्याचं. किल्ली माझ्या पर्समध्येच असायची आणि ते तिलाही दिसायचं.

ऑक्टोबरच्या उन्हात ते लोखंडी कपाट तापतं आणि आपोआप टक टक वाजतं. एकदा मधल्या सुट्टीत मी पाहिलं, तर ती कपाटाला कान लावून उभी. मला म्हणाली की आत चेंडू उडतो आहे. मी हसले आणि पत्रा तापला की असाच वाजतो, असं विज्ञान समजावून सांगितलं. तिनं मान हलवली, पण कान काढला नाही.

डिसेंबरात एक दिवस भागाकाराचं एक अवघड उदाहरण तिनं फळ्यावर सोडवलं, वर्गात कुणालाच येत नसताना. मला इतका आनंद झाला की मी म्हणाले, माग काय हवं ते. पेन, वही, चॉकलेट असं काहीतरी मागेल, असा माझा हिशेब. तिनं क्षणाचाही विलंब न लावता चेंडूचा टप्पा मागितला. अख्खा वर्ग ऐकत होता. मी शब्द दिला, शनिवारी.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली होती. वेण्या घट्ट घातलेल्या, थंडी असून स्वेटर काढून कमरेला बांधलेला. मी पर्समधून किल्ली काढली, तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला की सोमवारी तपासणीला साहेब येण्याची शक्यता आहे, सगळं जागच्या जागी ठेवा. शक्यता, एवढंच. किल्ली माझ्या हातात होती, कपाट चार पावलांवर होतं. एक टप्पा मारायला किती वेळ लागतो? पण मला चेंडूवरचा पांढरा नंबर दिसायला लागला, खरचटलेला. मी तिला सांगितलं, सोमवारी, साहेब गेले की लगेच.

ती म्हणाली, "सोमवारी आमचा स्लॅब हाये, मॅडम. मंग आमी जाऊन राहिलो."

स्लॅबच्या दिवशी आमच्याकडची निम्मी मुलं गैरहजर असतात. मोठी माणसं घमेली वाहतात आणि पोरी धाकट्या भावंडांना सांभाळतात. मला वाटलं, ही आधीच बुट्टी मारायची परवानगी काढते आहे. मी चिडले. म्हणाले, "स्लॅब असो की काही असो, शाळा बुडवली तर चेंडू विसरायचा."

ती माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहत उभी राहिली, मग कमरेचा स्वेटर सोडून अंगात घातला आणि वर्गात जाऊन बसली. मी रजिस्टर उघडून नोंदी तपासत बसले.

सोमवारी साहेब आले नाहीत आणि तीही आली नाही. मंगळवारीही तिची जागा रिकामी होती, तेव्हा शाळा सुटल्यावर मी रागातच मागच्या इमारतीवर गेले, आईला दोन शब्द सुनावायचे म्हणून. पत्र्याच्या खोल्या उठल्या होत्या. तीन विटांची चूल तेवढी राहिली होती, तिच्यात राख. चौकीदार खुर्ची टाकून उन्हात बसला होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "शेवटचा स्लॅब होता मॅडम, काम संपलं. रात्रीच ट्रक भरून गेले सगळे." कुठे गेले ते त्याला माहीत नव्हतं. ठेकेदाराचा नंबर त्यानं दिला. मी लावला, तो बंद होता. नंतरही बरेच दिवस लावून पाहिला.

तिनं मला सांगितलं होतं. अगदी सरळ, माझ्याच भाषेत सांगितलं होतं. मंग आमी जाऊन राहिलो. म्हणजे मग आम्ही चाललो. पण मला तिच्यात फक्त बुट्टी मारणारं पोर दिसलं. वीस वर्षं मुलं ओळखायचं काम करते मी.

तिचं नाव हजेरीतून कमी करायला मोठ्या मॅडम तयार नव्हत्या. पट आधीच कमी होता, आणखी दोन मुलं घटली असती तर एका शिक्षिकेची जागा गेली असती, आणि ती कदाचित माझीच असती. म्हणून मी रोज सतरा म्हणत राहिले. सुरुवातीला मुलं सांगायची, गेली मॅडम. मग सांगणं बंद झालं. मी सतरा म्हणायची, थोडं थांबायची आणि अठरा म्हणायची. एका सकाळी मागच्या बाजूनं कुणीतरी अगदी हळू "हजर" म्हणालं. मी मान वर केली. सगळ्यांची डोकी वहीत होती, कुणी हसत नव्हतं. कोण बोललं, असं मी विचारलंच नाही. विचारलं असतं आणि कुणीच बोललं नाही असं निघालं असतं तर, ही भीती होती.

साहेब फेब्रुवारीत आले. कपाट उघडून दाखवलं. त्यांनी दारातूनच पाहिलं, चेंडूवरचा नंबर रजिस्टरशी जुळवला आणि म्हणाले, "छान जपलंय." मोठ्या मॅडमचा चेहरा फुलला. मी चहाचे कप उचलायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि नळाशी उभी राहून रडले.

फ्लेक्स तसाच होता. नागपूरचं ऊन कुणाला सोडत नाही. उन्हाळ्यात आधी तिच्या गणवेशाचा रंग गेला, मग चेहरा पांढरा पडत पडत नुसती कपाळाची रेघ उरली. चेंडूवरचे काळे ठिपके मात्र शेवटपर्यंत टिकले. रोज त्याच्याखालून स्कूटी आत घ्यायची. आजही कुठे बांधकाम दिसलं की माझा वेग आपोआप कमी होतो आणि मी वाळूच्या ढिगावरची पोरं बघते. एकदा माझ्या घराजवळच तशाच घट्ट वेण्या दिसल्या. मी भर रस्त्यात तिच्या नावानं हाक मारली. वळली ती कुणी दुसरीच होती. ती असती तरी मी काय सांगणार होते, तेही मला ठाऊक नव्हतं.

साहेब येऊन गेल्यावर, मार्चमध्ये पुन्हा अनुदान आलं, पुन्हा सीताबर्डी, पुन्हा संच. नवा फुटबॉल ठेवायला कपाटात जागा करायची होती. शनिवारी कवायत झाल्यावर मी कुणाला न विचारता कपाट उघडलं आणि जुना चेंडू बाहेर काढला. मोठ्या मॅडम ऑफिसच्या खिडकीतून बघत होत्या. हवा थोडी कमी झाली होती, पंप मारून भरली. मैदानात जाऊन मी तो चौथीतल्या एका मुलीच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

हीच मुलं वस्तीत प्लॅस्टिकच्या चेंडूनं लोकांच्या काचा फोडतात, रोज तक्रारी येतात. पण इथे एकाही पायानं हालचाल केली नाही. मुलीनं चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी धरला. बाकीची न सांगता तिच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली, बुटकी पुढे, उंच मागे. सगळी माझ्याकडे बघत थांबली.

मी म्हणाले, "काय झालं? खेळा ना."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ती मुलगी पुढे आली आणि परक्याची वस्तू परत करावी तसा चेंडू तिनं माझ्यासमोर धरला. म्हणाली, "मॅडम, फोटो काढून झाला असन तं हा घ्या. रंग खराब होते."

हे मीच शिकवलं होतं, आणि सगळ्यांना नीट आलं होतं. न शिकलेली एकच होती, आणि तिला मी सोमवार सांगितला होता.