आनंदी गाण्याची बारावी कल्पना

तिला सगळे कात्री म्हणत. वीस वर्षं लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून देण्यात गेली, त्यावरून पडलेलं नाव. तिलाही ते आवडायचं. पण लग्नाच्या व्हिडिओत लग्न आधीच लागलेलं असतं. या वेळी कोऱ्या कागदापासून सुरुवात होती. एका तरुण गायिकेनं स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणं केलं होतं. तीन मिनिटं दहा सेकंद, टाळ्या, शिट्ट्या, ऐकताच पाय हलावेत असं. त्याच्या व्हिडिओत दाखवायचं काय, हे कात्रीनं सुचवायचं होतं.

तीन आठवड्यांत तिनं अकरा कल्पना दिल्या. गच्चीवरचा नाच, सायकली, रंगीत छत्र्या, लिफ्टमध्ये अडकलेले शेजारी. "छान आहे ताई, पण हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं," असं म्हणत गायिकेनं अकराच्या अकरा गोड आवाजात परत पाठवल्या. आज तिचा निरोप आला होता. चार वाजता फोन करते. काही सुचलं नसेल तर दुसऱ्यांशी बोलते. लग्नाचे व्हिडिओ आता ज्याच्या-त्याच्या घरातली पोरंच मोबाईलवर उरकत होती. हेही काम हातचं गेलं तर पुढे काय, हे कात्री स्वतःला विचारायचंसुद्धा टाळत होती.

घरात ती आणि बाबा. बाबा बस आगारात गाड्यांच्या वेळा सांभाळायचे. त्यांच्या शिट्टीशिवाय गाडी जागची हलत नसे. गेली दोन वर्षं मात्र त्यांना सकाळ कुठली, संध्याकाळ कुठली, तेच कळेनासं झालं होतं. "अशांना सांभाळणारी एक चांगली संस्था आहे, तिथं ठेवू बाबांना," असं वेगळा राहणारा दादा दर महिन्याला म्हणायचा. "मी मेल्यावर ठेव," असं कात्री दर महिन्याला सुनवायची.

तीन वाजता तिनं कानावरचे हेडफोन काढले, तर घर चिडीचूप. पलंग रिकामा. दार सताड उघडं.

ती तशीच अनवाणी खाली धावली. शिंप्यानं पाहिलं नव्हतं, न्हाव्यानं पाहिलं नव्हतं. बसथांब्यावरच्या बायकांनी नुसत्या माना हलवल्या. चौकात एका म्हाताऱ्यासमोर गाडी करकचून थांबली आणि ती तिकडे धावली. तो कुणी दुसराच होता, धडधाकट. डोक्यातलं गाणं काही थांबेना. आपले पाय त्याच टाळ्यांवर पडताहेत हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिनं दादाला फोन लावला. "सांगत होतो ना मी!" तो ओरडला, मग आवाज उतरला. "निघालोच. तू आगाराकडे बघ."

आगाराच्या वाटेवरच, तिच्या जुन्या शाळेच्या फाटकाशी बाबा उभे होते. शाळा कधीच बंद पडली होती. तिथं आता पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम होतं. बाबांच्या सदऱ्याची बटणं वर-खाली लागलेली, पायात दोन वेगळ्या चपला.

"बाबा! अहो, जीव घेता का माझा? चला घरी."

त्यांनी तिचा हात सौम्यपणे बाजूला केला. "थांबा हो बाई. माझी मुलगी सुटायचीय. दिसलो नाही तर रडते ती."

"शाळा सुटली बाबा."

"मग ती कुठाय?"

तेवढ्यात फोन वाजला. चार वाजले होते.

"सुचलं का ताई काही?"

नाही सुचलं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेली. "शाळेचं फाटक. बाप मुलीला न्यायला आलाय. तिची वाट बघत उभ्या-उभ्याच ठेका धरतो. ती सुटते, आणि दोघं नाचत-नाचत घरी जातात. बस, एवढंच."

पलीकडे गायिका जवळजवळ किंचाळलीच. "ताई, हेच! हेच हवं होतं! कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं," कात्री म्हणाली आणि फोन बंद करून भिंतीला टेकली. बापाला फाटकाशी उभा ठेवून आपण त्याचाच सौदा केला, असं तिला वाटलं. बाबा टाचा उंचावून गोदामात डोकावत होते.

शेवटी गोदामाचा रखवालदार बाहेर आला. त्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, मुलगी तुमची मावशीबरोबर पुढे गेली. खुशीत होती."

"असं होय!" बाबांचा चेहरा उजळला. एका शब्दानं न कुरकुरता ते कात्रीबरोबर निघाले. वाटेत त्यांनी तिला अदबीनं विचारलं, "तुमची मुलंही याच शाळेत का?"

"हो," ती म्हणाली.

घराखाली दादा घामाघूम उभा होता. तो तोंड उघडायच्या आत कात्रीच बोलली, "ती संस्था उद्या दाखव मला."

दादानं मान डोलावली. मग दोघांनी दोन बाजूंनी बाबांना धरून हळूहळू जिना चढवला.